डावीकडून काही येतंय का

"ह्या गाडीचा खांब डोळ्यात येतोय," आप्पा म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले.

मुल्लाणी त्यांच्याकडे बघतच राहिले. जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. रंग पसंत नाही, नंबरची बेरीज जुळत नाही, अशी कारणं त्यांनी रोज ऐकली असणार. पण पुढच्या काचेच्या कडेचा खांब डोळ्यात येतो म्हणून गाडी नाकारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं.

"मामा, खांब सगळ्याच गाड्यांना असतो की," ते हसून म्हणाले.

"असतो. पण एवढा जाड न्हाई."

त्याआधीच्या गाडीचे आरसे त्यांना लहान वाटले होते आणि त्याच्याही आधीच्या गाडीत बसायची जागा फार खाली होती. सुहास माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. वडिलांचा हा चोखंदळपणा त्याला आवडायचा. मला सातवा महिना होता आणि उन्हात उभं राहून पाय भरून आले होते, पण मीही हसत होते. कारण आमच्या घरात गाडीतलं कळणारा माणूस एकच होता.

आप्पा म्हणजे माझे सासरे, हणमंत थोरवत. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. त्यातली पंचवीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवल्याचा बिल्ला त्यांना मिळाला होता. तो दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलेला असे. ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांतच माझ्या सासूबाई गेल्या. त्यानंतर आप्पांनी एक व्हॅन घेतली आणि आमच्या भागातल्या चौदा पोरांना शाळेत ने-आण करायला लागले. कराडात त्यांच्या व्हॅनमध्ये पोराला जागा मिळावी म्हणून आईबाप दोन-दोन वर्षं सांगून ठेवायचे. "थोरवत काकांची गाडी ना? मग घोर नाही," असं बायका म्हणायच्या.

सुहासला स्कूटर सोडून काही येत नव्हतं. पण बाळ येणार, तर घरात गाडी हवी, असं आमच्या तिघांचंही ठरलं होतं. मार्चमधला तो रविवार त्यासाठीच काढला होता.

चौथी गाडी उंच होती. पांढरी, मोठ्या काचांची. आप्पा आत बसले, आरसे हलवून पाहिले आणि म्हणाले, "ही बघू. बसा."

सुहास पुढे त्यांच्या शेजारी बसला. मी मागे, डाव्या खिडकीशी. मुल्लाणींनी सांगितलं, हायवेच्या बाजूच्या रस्त्याने जा, पुढे डावीकडे वळा, वस्तीला वळसा घालून परत या. आप्पांनी गाडी काढली. गिअर बदललेला कळतही नव्हता. त्यांचा हातच तसा होता.

"बघ रोहिणी," सुहास मागे वळून म्हणाला, "पोटातलं पाणी हलत नाही." आणि तो वाकून एसीची बटणं खालीवर करायला लागला.

डावीकडचं वळण आलं. कोपऱ्यावर एक बाई उभी होती. हिरवी साडी, कडेवर मूल, हातात पिशवी. ती रस्ता ओलांडायला थांबली होती आणि मला ती बरीच लांबून दिसत होती. आप्पांनी गाडी हळू केली, वळवायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ते तिच्यावरच वळवतायत. मला वाटलं, आता थांबतील. आता थांबतील. बाईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती जागची हलली नाही.

"आप्पा, बाई!" मी किंचाळले.

ब्रेक लागला. मी पुढच्या सीटवर हात टेकून पोट कसंबसं वाचवलं. बाईने एक हात बॉनेटवर टेकला होता, जणू गाडी तिनेच थांबवली होती. मुलाच्या पायातली चप्पल निसटून चाकाखाली गेली होती.

गाडी थांबलेली. बाई डोळ्यांसमोर, चार फुटांवर, बॉनेटला हात लावून उभी. आणि आप्पांनी विचारलं,

"कुठंय बाई?"

त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

बाईने आम्हाला तोंडभरून शिव्या दिल्या. सुहास खाली उतरून हात जोडत होता. आप्पाही उतरले, चाकाखालची चप्पल काढली, खाली बसून त्या मुलाच्या पायात घातली. बाई गेल्यावर ते म्हणाले, "नवी गाडी. अंदाज येत न्हाई लगेच."

"होतं असं," सुहास म्हणाला. "बाईनेही बघायला नको का?"

मुल्लाणींना आप्पांनी सांगितलं, नंतर कळवतो. आम्ही रिक्षाने घरी आलो.

माझ्या डोक्यात मात्र ते दोनच शब्द फिरत होते. कुठंय बाई. अंदाज चुकणं वेगळं. हे वेगळं होतं. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ताटाच्या डावीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताने सांडायचा. कुणी डावीकडून आलं की ते दचकायचे. फ्रिजच्या दारात एक थेंबांची बाटली असायची. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, धूळ जाते डोळ्यांत, बाकी काही नाही.

जेवणं झाल्यावर आप्पा टीव्हीसमोर बसले. मी स्वयंपाकघरातून आमटीची पळी घेतली, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सरकवल्या आणि त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. पळी त्यांच्या कानाच्या रेषेत धरली. मग हळूहळू पुढे नेली. डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आणली. ते बातम्या बघत होते. आणखी पुढे नेली, हात लांब करून, जवळजवळ नाकाच्या रेषेपर्यंत. त्यांची पापणीही हलली नाही.

मग आमटीचा वास आला असेल. ते मान वळवून म्हणाले, "कोण, रोहिणी? उभी का गं? बस की, पाय सुजतील."

मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. चौदा पोरं. सकाळी सात वाजता. दुपारी साडेबाराला परत. मधल्या वळणांवर दूधवाले, सायकली, इतर शाळांची पोरं. आणि ह्या सगळ्यांतलं डावीकडचं अर्धं जग आप्पांना नव्हतंच.

सुहासला मी खोलीत बोलावून सांगितलं. तो आधी हसला. मग चिडला.

"तू त्यांची परीक्षा घेतलीस? पळी धरून?"

"अहो, त्यांना दिसत नाही."

"एकतीस वर्षं गाडी चालवलीय त्यांनी. तो बिल्ला उगाच नाही मिळत. आज एकदा चुकलं तर तू लगेच..."

"मग डोळे तपासून घेऊ. उद्याच."

"उद्या पोरांची वार्षिक परीक्षा सुरू होतेय. शुक्रवारी संपली की बघू."

संध्याकाळी आप्पा रोजच्यासारखे मारुतीच्या देवळात गेले. त्यांच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप नसायचं. आजवर मी ते धुतलेले कपडे ठेवण्यापुरतंच उघडलं होतं. त्या दिवशी त्यांच्या सदऱ्यांच्या खाली मला एक निळी फाईल मिळाली. वर सांगलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव होतं.

आत एक कागद होता. त्यावर दोन वर्तुळं छापलेली होती, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. डावं जवळजवळ सगळं काळं होतं. उजव्यात डाव्या बाजूने जाड काळी कोर आलेली. खाली डॉक्टरांनी हाताने मराठीत लिहिलं होतं: काचबिंदू, दोन्ही डोळे. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब रोज घालणे. वाहन चालवू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आणि त्याच्या खाली, 'समजावून सांगितले, समजले' असं लिहून, आप्पांची सही. त्यांची सही मी ओळखत होते. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढलेली. तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

मी तिथेच त्यांच्या खाटेवर बसले. मला वाटलं होतं, आपल्याला त्यांना काहीतरी वाईट सांगायचं आहे. हळूच सांगायचं, धीर द्यायचा. त्यांना माहीत होतं. जुलैपासून. पावसाळ्यात माहीत होतं, थंडीतल्या धुक्यात माहीत होतं, आणि ते रोज सकाळी चौदा पोरांना मोजून आत बसवत होते, दार लावत होते आणि व्हॅन सुरू करत होते.

सुहासने तो कागद दोनदा वाचला. मग घडी घालून फाईलमध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला.

"बोला त्यांच्याशी," मी म्हणाले.

आप्पा आल्यावर तो त्यांच्या खोलीत गेला. मी दाराबाहेर होते. पाच मिनिटं तो मुल्लाणींच्या पांढऱ्या गाडीबद्दल बोलला. टायर कसे आहेत, किती पळालीय. मग बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही होत मला."

मग मीच गेले. फाईल हातात घेऊनच गेले. आप्पांनी ती पाहिली आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

"आप्पा, उद्या व्हॅन नेऊ नका."

"डॉक्टर लोक असंच लिहित्यात. त्यांना जबाबदारी नको असती."

"खाली तुमची सही आहे."

"हाय." त्यांनी फाईल माझ्या हातातून घेऊन उशाशी ठेवली. "पोरी, मला रस्ता पाठ हाय. तेरा घरं, नऊ वळणं, तीन गतिरोधक. डोळं मिटून नेईन."

"रस्ता पाठ आहे, आप्पा. रस्त्यावरची माणसं कशी पाठ असतील? आज ती बाई..."

"तिला काय झालं न्हाई."

"मी ओरडले म्हणून."

ते खिडकीकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "तुझी सासू गेली तवा ह्या घरात मला कुणी हाक मारणारं न्हवतं. तुम्ही दोघं कामावर. सकाळी साडेसहाला डोळं उघडलं की वाटायचं, का उघडलं. आता चौदा पोरं कोपऱ्यावर वाट बघत्यात. दिसली गाडी की नाचत्यात." मग ते म्हणाले, "सहाला डबा दे. परीक्षा हाय त्यांची, उशीर नको."

आणि ते आडवे झाले. बोलणं संपलं होतं.

सकाळी मी डबा केला नाही. साडेसहाला गाऊनवर शाल घेतली, चपला घातल्या आणि गल्लीत उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये, पुढच्या डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा पोटाखालून घेतला, क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी दाखवला होता तसा.

आप्पा किल्ली घेऊन आले. मला बघून थांबले.

"उतर."

"मी येते तुमच्यासोबत."

"येडी हायस का? असल्या दिवसांत व्हॅनचे धक्के?"

"चौदा पोरांना बसतात धक्के. तीही कुणाच्या तरी पोटचीच आहेत."

तोवर सुहास बनियनवरच बाहेर आला. "रोहिणी, खाली उतर. आधी उतर तू." त्याचा आवाज चिरका झाला होता. समोरच्या घरातल्या शेवाळे वहिनी रांगोळीचा डबा हातात घेऊन बघत उभ्या होत्या.

"तुम्हाला रस्ता पाठ आहे ना, आप्पा?" मी म्हणाले. "डोळे मिटून न्याल म्हणालात. मग न्या. मला आणि पोटातल्या ह्याला घेऊन न्या."

मला वाटलं होतं, इथेच संपेल. ते किल्ली खाली ठेवतील, असंच मी रात्रभर मनाशी धरलं होतं. पण आप्पा दार उघडून आत बसले. किल्ली लावली. व्हॅन सुरू झाली. सुहास पुढे धावला, बॉनेटवर हात आपटला, आणि आप्पांनी त्याला हाताने बाजूला हो अशी खूण केली. तो बाजूला झाला. त्याला आयुष्यभर तेवढंच माहीत होतं, वडिलांनी हाताने खूण केली की बाजूला व्हायचं.

व्हॅन निघाली. एवढी भीती मला नंतर प्रसूतीच्या टेबलावरही वाटली नाही. बाळ पोटात जोरात फिरलं.

आमची गल्ली सरळ होती. तिच्या तोंडाशी मोठा रस्ता आडवा. आप्पांनी तिथे व्हॅन थांबवली. मान पूर्ण डावीकडे नेऊन बघितलं. मग उजवीकडे. तोवर डावीकडचं पुन्हा गेलं होतं, म्हणून पुन्हा डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. एक दूधवाला गेला. एक ट्रॅक्टर गेला. ते पुढे सरकले, बोटभर, आणि पुन्हा ब्रेक दाबला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"डावीकडून काही येतंय का?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. मला सगळं दिसत होतं. रस्ता मोकळा होता. एक हो किंवा नाही म्हटलं असतं तरी झालं असतं.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले. "रोज कोण सांगतं?"

मागचा हॉर्न वाजत राहिला. आप्पांनी दोन्ही हात चाकावर ठेवले होते, एसटीच्या मोठ्या चाकावर ठेवायचे तसे, रुंद. मग त्यांनी उजवा हात खाली घेतला आणि इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

सुहास धावत आला, त्याने माझं दार उघडलं, मला उतरवायला लागला. आप्पा म्हणाले, "पोरं उभी असतील. सांगायला पायजे."

"मी सांगतो," सुहास म्हणाला. "व्हॅन बिघडलीय म्हणून सांगतो."

"मी जातो."

ते चालत निघाले. मीही त्यांच्या डाव्या बाजूने चालायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही.

पहिल्या कोपऱ्यावर दोन बहिणी उभ्या होत्या, परीक्षेचे पॅड आणि पेनं हातात घेऊन. त्यांची आई म्हणाली, "काय काका, गाडी बिघडली?"

"गाडीला काय झालं न्हाई ताई. माझं डोळं गेल्यात. डाव्या अंगाचं दिसत न्हाई. आठ म्हैनं झालं, मला ठावं होतं. तुम्हाला सांगितलं न्हाई."

ती आई आधी हसली, चेष्टा समजून. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता दोन्ही मुलींना ओढून पोटाशी धरलं, जणू गाडी आत्ता त्यांच्या अंगावर येत होती.

तेराही घरी आप्पांनी तेच वाक्य सांगितलं. शब्द बदलले नाहीत, काही कमी केलं नाही. सुहास स्कूटरवरून रिक्षा गोळा करत होता, पोरांना पेपरला पोचवत होता. एका घरी म्हाताऱ्या आजीने त्यांना पाणी दिलं. एका घरी दार तोंडावर बंद झालं. सहाव्या घरी औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण बाप होता, त्याने आप्पांची कॉलर धरली. "आठ महिने?" तो म्हणत होता. "आठ महिने?" त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. मी मध्ये पडायला गेले तर आप्पांनी मला हाताने मागे केलं. तो बाप शेवटी स्वतःच कॉलर सोडून पायरीवर बसला आणि रडायला लागला. त्याचा मुलगा दप्तर घेऊन तिथेच उभा होता आणि विचारत होता, "काका, मग उद्या येणार ना?"

घरी आल्यावर आप्पांनी दिवाणखान्यातली चौकट खिळ्यावरून काढली. कुठे ठेवली मला माहीत नाही. मी विचारलं नाही, सुहासनेही नाही. ते दोन महिने घराबाहेर पडले नाहीत.

जूनमध्ये मला मुलगी झाली. गाडी आम्ही पुढच्या वर्षी घेतली आणि चालवायला मी शिकले. शिकवलं आप्पांनीच, शेजारी बसून, नुसत्या इंजिनच्या आवाजावरून. क्लच उशिरा सोडला की मांडीवर थाप मारायचे.

आज तेरा वर्षं झाली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सुहास पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो, ती अशी सांगतो: "डोळ्यांचं कळल्यावर आप्पांनी स्वतःहून व्हॅन बंद केली. घरोघरी जाऊन सांगितलं. कोण करतं असं?" आप्पा ऐकून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. ते पडवीत लसूण सोलत बसले होते, मी शेजारी गहू निवडत होते. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"आप्पा, त्या सोमवारी मी व्हॅनमध्ये बसले नसते तर?"

"नेली असती," ते म्हणाले. विचार करायला थांबलेही नाहीत. "त्या दिवशी नेली असती. परीक्षा संपेपर्यंत नेली असती. जूनात शाळा उघडली की पुन्हा नेली असती."

माझे हात सुपातच राहिले.

"एखादं पोर गेलं असतं तवा थांबलो असतो," ते म्हणाले. "सुहासला सांगू नको. त्याला वाटतंय ते वाटू दे."

मी अजून सांगितलेलं नाही.